जुनं लॉज, ओल्या भिंती : दुरुस्तीला हात घालण्याआधी वाचा

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आमच्या लॉजचा तळमजला छताला टेकेपर्यंत बुडाला. पाणी ओसरल्यावर दार ढकलून आत गेले तर काउंटरमागचा किल्ल्यांचा फळा जागच्या जागी होता. पितळी बिल्ले ओळीने लटकलेले आणि प्रत्येकावर बोटभर चिखल. चार नंबरची किल्ली तेवढी नव्हती. ती त्या खोलीतल्या पाहुण्याच्या खिशात, आणि पाहुणा वरच्या मजल्यावर.

इमारत आजोबांनी बांधलेली. जांभ्याच्या चिऱ्यांच्या दीड फुटी भिंती, ऐनाच्या तुळया, वर मंगलोरी कौलं. १९९० च्या आसपास बाबांनी वरच्या खोल्यांना संडास-बाथरूम जोडली, तीही लाकडी तख्तपोशीवर (फळ्यांच्या जमिनीवर) कोबा टाकून. म्हणजे पुराच्या आधीही ही इमारत कोरडी नव्हतीच. पुराने फक्त ते सगळ्यांना दाखवलं.

दुरुस्तीला सव्वादोन वर्षं लागली. त्यातलं एक अख्खं वर्ष माझ्या घाईने खाल्लं. तुमच्याकडे असंच जुनं लॉज, वाडा किंवा चाळ असेल आणि पुराने, गळतीने किंवा वर्षानुवर्षांच्या ओलीने ती खराब झाली असेल, तर पुढचं क्रमाने वाचा. क्रम महत्त्वाचा आहे. मी शेवटची पायरी पहिली केली होती.

१. पहिला आठवडा : वीज, फोटो, मग चिखल

आत पाऊल टाकण्याआधी मीटरजवळचा मेन स्विच बंद आहे ना, ते बघा. मीटरच पाण्यात असेल तर हात लावू नका, महावितरणच्या माणसाला खांबावरून पुरवठा तोडायला सांगा. गमबूट आणि रबरी हातमोजे घाला. पुराच्या चिखलातून लेप्टोचा ताप होतो, आणि अडगळीत साप बसलेले असतात. आमच्या जिन्याखाली दोन निघाले.

मग फोटो. प्रत्येक खोलीत पाण्याची रेघ कुठवर आहे ते मोजपट्टी लावून टिपा, भिंतीवर पेन्सिलने तारीख घाला. विमा असेल तर सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत काही फेकू नका. मी गाद्या वासाला कंटाळून तिसऱ्याच दिवशी ट्रॉलीत घालून पाठवून दिल्या. बावीस गाद्या होत्या, फोटो सहांचे. दावा सहांचाच मंजूर झाला, आणि त्यात कंपनीची काही चूक नव्हती.

चिखल ओला असेपर्यंतच काढायचा. वाळला की तो चिऱ्याच्या भोकांत सिमेंटसारखा बसतो. फावड्याने ओढा, मग साध्या पाइपने धुवा. जोराच्या प्रेशरचं यंत्र जुन्या चुन्याच्या दरजांवर (चिऱ्यांमधल्या सांध्यांवर) मारलंत तर दरजाच वाहून जातील.

सेप्टिक टँक मात्र लगेच उपसायला जाऊ नका. जमीन पाण्याने गच्च असताना टाकी रिकामी केली तर ती खालून उचलली जाते, नाहीतर तिला तडे जातात. भूजल उतरेपर्यंत थांबा. विहीर गाळ काढून, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून, पाणी तपासूनच वापरा.

२. कागद गोळा करा

हे काम कंटाळवाणं आहे, पण भिंती वाळेपर्यंत तुमच्याकडे वेळच वेळ असणार आहे. लागतात ते असे :

– मालमत्ता पत्रक (सिटी सर्व्हे नसेल तिथे सातबारा आणि आठ-अ)
– वारसनोंद झाल्याचा फेरफार. आमच्याकडे आत्याचं नाव राहिलं होतं, तिची संमती घ्यायला पुण्याला दोन खेपा झाल्या
– घरपट्टी, पाणीपट्टीच्या चालू पावत्या
– मूळ बांधकाम परवानगी किंवा जुना नकाशा, असला तर
– पुराचा पंचनामा
– विमा पॉलिसी आणि दाव्याचा पत्रव्यवहार
– तळमजल्यावर जुने भाडेकरू असतील तर त्यांच्या भाडेपावत्या आणि दुरुस्तीला लेखी संमती
– परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल

कौलं बदलणं, गिलावा, रंग, फरशी अशा साध्या डागडुजीला सहसा बांधकाम परवानगी लागत नाही. भिंत हलवली, मजला वाढवला, तुळई काढून लोखंडी गर्डर घातला, की प्रकरण बदलतं. नगरपरिषदेच्या नगररचना विभागात आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

नदीकाठच्या गावांत आणखी एक गोष्ट विचारायची : आपली जागा कोणत्या पूररेषेत आहे? निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामावर कडक बंधनं आहेत. "पाडा आणि नवी बांधा, खर्च तेवढाच येतो" हा सल्ला तुम्हाला निदान दहा जण देतील. पाडल्यावर परवानगी अडकली तर तुमच्याकडे ना जुनी इमारत, ना नवी. आधी रेषा बघा, मग पहार उचला.

३. पाणी नेमकं कुठून येतंय?

इथे मी चुकले. ऑक्टोबरात ऊन पडलं, भिंती हाताला कोरड्या लागल्या, आणि ओळखीच्या एका ठेकेदाराने सांगितलं की डॅम्पप्रूफ रंगाचे दोन हात मारू, दिवाळीनंतर लॉज चालू. मारले. पुढच्या जुलैत त्या रंगाला हाताच्या पंजाएवढे फुगे आले. एक फोडला तर आतून पाणी ओघळलं आणि पाठोपाठ भुरभुरीत चिऱ्याचा लाल चुरा.

पूर हा एक दिवसाचा पाहुणा. जुन्या इमारतीत पाणी यायच्या त्याशिवाय चार वाटा असतात, आणि त्या पुराआधीपासून चालू असतात.

जमिनीतून चढणारी ओल : ही साधारण तीन-चार फुटांपर्यंत चढते आणि वरच्या कडेला पांढरा लोणा (क्षारांची पूड) सोडते. डाग त्याच्यावर असेल तर पाणी दुसरीकडून येतंय. आमच्याकडे कारण दारातच होतं. रस्ता दर काही वर्षांनी डांबराचा थर चढवून उंचावत गेला, आणि आजोबांच्या वेळी तीन पायऱ्या चढून यायचं ते जोतं आता रस्त्याच्या बरोबरीला आलंय. गटाराचं पाणी थेट पायाला लागत होतं.

झड : पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस आडवा बसतो. पूर्वी पावसाळ्याआधी नारळाची झापं बांधायचे ते याच्यासाठी. आपण ती काढून टाकली आणि भिंत उघडी पाडली.

छप्पर : फुटकं कौल लगेच दिसतं. दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) मिळतात तिथला गंजलेला पन्हळ दिसत नाही. पाणी वाश्यावरून दहा फूट धावून भलत्याच खोलीत टपकतं. भर पावसात बॅटरी घेऊन माळ्यावर चढा आणि ओल्या वाश्यावरून उलटं वर वर बघत जा. उन्हाळ्यात हे कळत नाही.

नळ आणि बाथरूम : लॉजमध्ये हाच सगळ्यात मोठा चोर. त्याला पुढे वेगळी पायरी दिली आहे.

ओल बाहेरून येतेय की खोलीतलीच दमट हवा भिंतीवर बसतेय, ते कळायला साधी चाचणी आहे. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला आले तर खोलीला वारा हवाय, रंग नकोय.

४. इमारत उभी राहील का?

हे स्वतः ठरवू नका. गवंड्यालाही ठरवू देऊ नका, कितीही जुना असला तरी. इंजिनिअर घेताना एवढंच विचारा की जांभा आणि चुन्याचं काम त्याने केलंय का. आमच्याकडे आलेल्या पहिल्याने पंधरा मिनिटांत "आरसीसी करा" म्हणून फी मागितली. दुसऱ्याने तीन तास काढले, प्रत्येक तुळईच्या टोकाला टोचा मारून बघितला आणि तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून गेला. पट्टी तडकली तर भेग अजून हलतेय. आमच्या पाच पट्ट्यांपैकी एकच तडकली, मागच्या कोपऱ्यातली. तिथे पायाखालची माती वाहून गेली होती.

५. भिंती उघड्या करा आणि वाट बघा

सिमेंटचा गिलावा काढून टाका. पाण्याच्या रेघेच्या वर निदान दोन-तीन फुटांपर्यंत तरी, आणि जमलं तर सगळाच.

जांभा भोकाळ दगड आहे, पाणी पितो आणि उन्हात परत सोडतो. चुन्याची दरज आणि चुन्याचा गिलावा त्याला ते सोडू देतात. वरून सिमेंट थापलं की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते, ते वर चढतं, क्षार आतल्या आत साठतात आणि चिरा पिठासारखा भुगा होतो. पन्नास वर्षं धड राहिलेल्या भिंती सिमेंट लागल्यावर वीस वर्षांत खचलेल्या तुम्हालाही आठवतील.

आमचे गवंडीकाका गुहागरकडचे. माझा तो फुगलेला रंग बघून ते म्हणाले, "ताई, रेनकोट घालून कोणी अंग पुसतं का?"

गिलावा उतरवल्यावर तारेच्या नव्हे, काथ्याच्या ब्रशने लोणा कोरडाच झाडा आणि सुपलीत भरून बाहेर न्या. पाण्याने धुतलात तर तो परत आत जातो. पंधरा दिवसांनी नवा आला की पुन्हा झाडा. आम्ही पाच वेळा झाडला. बुरशी मात्र कोरडी घासायची नाही, ती नाकात जाते. आधी ओली करा, चांगला मास्क लावा.

किती दिवस वाळू द्यायचं? ढोबळ ठोकताळा असा की भिंतीच्या दर इंच जाडीला एक महिना. दीड फुटी भिंतीचा हिशोब करून बघा, घाम फुटेल. दोन्ही बाजू उघड्या आणि वारा खेळता असेल तर लवकर होतं, पण कोकणात वाळायला ऑक्टोबर ते मे एवढेच महिने मिळतात. एक कोरडा मोसम पूर्ण जाऊ द्या. हीटर, हॅलोजन लावून भिंती भाजू नका, वरचा थर वाळतो आणि आतलं पाणी अडकतं. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, पंखे लावा, बस.

या काळात पायाचं काम करून घ्या. इमारतीभोवती बाहेर उताराची फरशी, गटाराला वेगळी वाट, पागोळ्यांच्या खाली पन्हळ. आमच्या ओलीतली निम्मी यानेच गेली, आणि सगळ्यात कमी पैसे यालाच लागले.

६. छप्पर : मिरगाच्या आधी, वळवाच्याही आधी

कोकणातलं कामाचं वेळापत्रक पंचांग बघून आखा. गणपतीत कोणी येत नाही, शिमग्यात आठवडाभर कोणी येत नाही, मे महिन्यात लग्नं. कौलं उतरवायचं काम मार्चअखेर सुरू केलंत तरच मेच्या मध्यापर्यंत पुरं होईल. वळीव कधी गाठेल सांगता येत नाही, म्हणून एका वेळी एकच पाख उघडा आणि ताडपत्री आधी विकत घ्या.

क्रम असा : कौलं उतरवा, ठोकून बघा (चांगलं कौल टणटणतं, तडकलेलं बद वाजतं), धुऊन उन्हात रचून ठेवा. रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) बहुतेक सगळ्या बदलाव्या लागतात, वासे निवडून. आढं आणि भाल (छपराचा भार घेणारी मोठी लाकडं) इंजिनिअरला दाखवल्याशिवाय झाकू नका. कमी पडलेली कौलं पाडलेल्या घरांमधून मिळतात, पण एक नमुना खिशात घेऊन जा. दोन कारखान्यांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत.

जाता जाता : कौलावर १८६५ असा ठसा दिसला तर इमारत तेवढी जुनी समजून नाचू नका. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा मंगळूरचा कारखाना त्या साली सुरू झाला, तो आकडा त्याचा आहे. माझा भाऊ आठवडाभर लोकांना "दीडशे वर्षांची वास्तू" सांगत फिरत होता.

कौलांवर पत्रा टाकायचा का, हे प्रत्येक जण विचारतो. झडीच्या जागी, पडवीवर, जरूर टाका. सगळ्या छपरावर टाकलात तर खालची गळकी कौलं आणि कुजके वासे झाकले जातात आणि दहा वर्षांनी एकदम समजतात.

७. लाकूड

फुगलेल्या दारांना रंधा मारू देऊ नका. सुतार पहिल्याच दिवशी रंधा काढेल, कारण दार बसत नाही म्हणून तुम्हीच बोलावलेलं असतं. आमची तीन दारं ऑगस्टमध्ये तासली. मार्चमध्ये फटीतून करंगळी जात होती. दारं बिजागऱ्यांतून काढा, सावलीत, खाली पट्ट्या देऊन आडवी ठेवा आणि विसरून जा.

तुळई मधे धड आणि भिंतीत शिरते तिथे कुजलेली, असं हमखास आढळतं. पूर्ण बदलायची गरज नसते. खाली टेकू देऊन कुजका भाग कापायचा, तशाच लाकडाचा तुकडा खाचेत बसवून बोल्टने आवळायचा, आणि टोकाभोवती भिंतीत बोटभर मोकळी जागा सोडायची म्हणजे वारा लागेल. वाळवीचा उपाय त्याच वेळी करून घ्या. आतल्या वाशांना आम्ही काजूच्या टरफलाचं तेल लावलं. स्वस्त आणि जालीम, पण अंगाला लागलं तर उततं. हातमोज्यांशिवाय नको.

८. वरची बाथरूमं

लाकडी मजल्यावर बाथरूम ही मुळातच चूक आहे, आणि कोकणातल्या निम्म्या जुन्या लॉजमध्ये ती आहे. गळतेय का हे बघायला नहाणी ट्रॅप (सांडपाणी जायचं जाळीचं तोंड) कापडाच्या बोळ्याने बंद करा, दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पातळीची खूण करा आणि २४ तास थांबा. आधी खालच्या खोलीतून टेकू लावा, ते पाणी वजनदार असतं. खूण उतरली तर लादी गळतेय. नाही उतरली तर नळ उघडून पाइप तपासा. आमच्या सहापैकी पाच गळत होती, आणि पाचही ट्रॅपच्या गळ्याशी.

मी काय केलं ते सांगते : वरची सहाही काढून टाकली. मागच्या बाजूला वेगळ्या पायावर आरसीसीचा स्वतंत्र टॉवर उभारून प्रत्येक मजल्याला तिथे बाथरूम दिली. जुन्या भिंतीला तो कुठेही टेकत नाही, मधे सांधा आहे. याला परवानगी लागली, चार महिने गेले. दोन खोल्या "अटॅच" राहिल्या नाहीत. पण जागा नसेल आणि वरच ठेवायची असतील, तर निदान एकावर एक आणा, पाइप भिंतीबाहेरून न्या आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर लादी बसवण्याआधी हीच पाण्याची चाचणी पुन्हा घ्या. ठेकेदार "कशाला वेळ घालवता" म्हणेल. पैशाचा शेवटचा हप्ता चाचणीनंतर, हे करारात लिहा.

९. वीज

पाण्यात बुडालेली वायर वरून धड दिसली तरी पाइपच्या आत गाळ असतो. परवानाधारक वायरमनकडून मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून बघा. आम्ही तळमजल्याची सगळी बदलली. नवे बोर्ड आणि मीटर पुराच्या रेघेच्या वर जिथे शक्य तिथे, वरच्या आणि खालच्या मजल्याची वीज वेगळी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), आणि अर्थिंगचा खड्डा नवा. टेस्ट रिपोर्ट जपून ठेवा, जोडणी परत घेताना मागतात.

१०. आता गिलावा, आणि सर्वात शेवटी रंग

चुना विझवणं पोरखेळ नाही. कळीचा (न विझवलेला) चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उकळतो, उडतो, डोळा जातो. चष्मा हवाच. विझवलेला चुना पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरू द्या, जास्त चालतो. प्रमाण आम्ही एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली नदीची वाळू असं धरलं, ओलीच्या जागी थोडी सुर्खी (विटांची पूड). खाडीची वाळू कोणी स्वस्त देऊ केली तर हात जोडा, तिच्यात मीठ असतं. गिलावा पातळ थरांत द्या आणि ओली गोणपाटं टांगून दहा-बारा दिवस जपा. भर उन्हात भिंतीला तडे जातात.

चुन्याचे गवंडी कमी राहिलेत. देवळांच्या जीर्णोद्धाराच्या कामावर चौकशी करा, तिथे सापडतात. आणि आधी मागच्या बाजूची एक भिंत करून घ्या.

रंग म्हणजे चुन्याची सफेदी, हवी तर मातीचा रंग घालून. कपड्याला लागते अशी तक्रार पाहुणे करतात, म्हणून खाटेच्या मागे चार फूट लाकडी पट्ट्या मारल्या, मागे वाऱ्याला जागा सोडून. तळमजल्यावर प्लायवुड, पीओपी, गादीचे सोफे काहीही ठेवलेलं नाही. लोखंडी खाटा, शहाबादी फरशी, आणि सामान चटकन वर नेता येईल असं.

११. परत उघडण्याआधी

आग सुरक्षेची यंत्रणा परवानाधारक संस्थेकडून तपासून घ्या. महाराष्ट्रात तिचं बी-फॉर्म प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावं लागतं. जेवण देत असाल तर अन्न परवाना नव्याने बघा. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची नोंद ऑनलाइन फॉर्म भरून करायची असते (पूर्वी त्याला सी-फॉर्म म्हणत). विमा पुन्हा काढा. छोट्या धंद्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी आहे, पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला, आणि तिच्यात पूर धरलेला असतो. गाद्यांची संख्या नीट लिहा.

पैशाचं म्हणाल तर अंदाजपत्रकावर तीस टक्के वेगळे काढून ठेवा. आमचे ते पस्तीस गेले.

खोली नंबर चारमध्ये पुराची पेन्सिल-रेघ सफेदीखाली झाकू दिलेली नाही, दाराच्या चौकटीशेजारी तेवढी पट्टी सोडली आहे. मागच्या पावसाळ्यात तिच्या खाली हात लावून बघितला, भिंत गार होती, ओली नव्हती. किल्लीही त्या पाहुण्याने पोस्टाने परत पाठवली. कुलूप मात्र बदललंय.